कातकाम : मऊ लाकूड आणि गळाच्या काठीची मूठ

बी. ए. (तृतीय वर्ष)

मराठीत ‘कातणे’ हे क्रियापद दोन अगदी वेगळ्या कामांसाठी वापरले जाते. सूत कातले जाते आणि लाकूडही कातले जाते. संस्कृत धातुपाठात ‘कृत्’ हा धातू दोनदा येतो. एका ठिकाणी त्याचा अर्थ ‘छेदन’ दिला आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘वेष्टन’. कर्तरी, म्हणजे आपली कातर, ही पहिल्या अर्थाची लेक. वर्गात हे ऐकले तेव्हा बाकीच्यांना तो परीक्षेपुरता मुद्दा वाटला असेल. मला मात्र आजोळचे दुकान आठवले. माझे आजोबा कातारी होते आणि मामा अजून आहेत. लातूरच्या गंजगोलाईपासून फार दूर नसलेल्या एका बोळात त्यांचे दहा बाय बाराचे दुकान आहे. आजोबा आपल्या यंत्राला ‘खराद’ म्हणत. अरबीत कातकाम करणाऱ्याला ‘खर्रात’ म्हणतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे असे शब्द आमच्याकडे अवजारांबरोबर घरात राहिले.

प्रस्तुत लेखात मला मऊ लाकूड कसे कातावे एवढेच सांगायचे आहे. मी काही कसलेला कारागीर नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मामांकडे शिकलो, सहा नग वाया घालवले आणि सातवा कसाबसा साधला. परंतु वाया गेलेल्या सहा नगांनीच मला जास्त शिकवले, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

निमित्त

मामांच्या दुकानात पूर्वी बाजेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, रवीचे दांडे असे काम बारमाही असे. लोखंडी पाइपचे पलंग आले आणि पायांचे काम संपले. आता लाटण्यांवर दुकान चालते; ते चालणेही लंगडतच. खराद विकून टाकावा असे मामा बोलू लागले होते. अशात माझ्या ओळखीचे नांदेडचे एक निवृत्त गृहस्थ आपली गळाची काठी घेऊन आले. गोदावरीवरच्या विष्णुपुरी जलाशयाच्या काठी, तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी काढून, ते सुटीच्या दिवशी गळ टाकून बसतात. काठी काचतंतूची, परदेशी बनावटीची. पण तिची बुचाच्या लाकडाची मूठ उंदरांनी कुरतडली होती. नवी मूठ कातून मिळेल का, असा त्यांचा प्रश्न होता.

लातुरात गळाच्या काठीची मूठ! मामा हसले. २०१६ च्या एप्रिलात मांजरा धरण कोरडे पडल्यावर या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या गावाने प्यायचे पाणी रेल्वेतून उतरवून घेतले, त्या गावात मासे धरण्याच्या काठीचे काम यावे हा योगच म्हणायचा. पण मांजरा अखेर कंदकुर्तीजवळ गोदावरीलाच मिळते. तेव्हा लातूरच्या खरादावरची मूठ नांदेडच्या पाण्यावर जाणे हे नदीच्या वाटेला धरूनच होते. मामांनी काम घेतले आणि मला म्हणाले, “तू कर. मी बघतो.”

मऊ लाकूड म्हणजे काय?

येथे एक घोटाळा आधी दूर करायला हवा. वनस्पतिशास्त्रात सूचिपर्णी झाडांच्या लाकडाला, उदाहरणार्थ पाइन व देवदार यांना, मृदुकाष्ठ म्हणतात आणि रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाला कठीणकाष्ठ. ही नावे झाडाच्या जातीवरून पडली आहेत, लाकडाच्या कठीणपणावरून नव्हे. जगातले अतिशय हलके आणि मऊ म्हणून प्रसिद्ध असलेले बाल्सा हे लाकूड शास्त्राच्या हिशेबी कठीणकाष्ठच ठरते. आपला पांगाराही तसाच.

मराठवाड्यात सूचिपर्णी वृक्षांची जंगले नाहीत. पाइन आपल्याकडे येते ते यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या होऊन. पण कातणाऱ्याच्या अर्थाने मऊ म्हणावी अशी झाडे आपल्याकडे भरपूर आहेत. बांधावरचा पांगारा, काटेसावर, महारुख, किनवटकडच्या डोंगरातली सालई आणि मोई ही सगळी त्यात येतात. सावरीच्या लाकडाच्या आगपेटीच्या काड्या होतात. सालईच्या लाकडापासून नेपानगरच्या गिरणीत वर्तमानपत्राचा कागद होत असे. शिवण वजनाला हलकी, पण अंगाने चिवट. कातायला फार गुणी. काळा कुडा याहून थोडा घट्ट असतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकाची लाखेची रंगीत खेळणी याच झाडापासून कातली जातात. आपल्या सावंतवाडीच्या चितारअळीतली लाकडी फळे पांगाऱ्याची. म्हणजे मऊ लाकूड कातण्याची विद्या आपल्या शेजारी जुनीच आहे, फक्त ती खेळण्यांत राहिली.

मामांची कसोटी सोपी आहे. अंगठ्याचे नख दाबावे. खूण उमटली तर मऊ, नख दुखले तर कठीण.

मुठीला मऊ लाकूडच का?

गळाची काठी म्हणजे एक लांब तरफ. तिच्या टोकाशी मासा चोच लावतो तेव्हा जो सूक्ष्म हिसका बसतो, तो हातापर्यंत यायला हवा. मूठ जड असेल तर तो वाटेतच विरतो आणि दिवसभर धरून मनगटही भरून येते. शिवाय मूठ ओल्या हाताला घसरू नये आणि उन्हात तापू नये.

हिशेब मांडून पाहिला. मूठ २८ सेंटिमीटर लांब, सरासरी २८ मिलिमीटर जाडीची आणि मधून १० मिलिमीटरचे भोक पाडलेली. अशा मुठीत सुमारे १५० घन सेंटिमीटर लाकूड राहते. सागाचे वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, म्हणजे सागाची मूठ ९७–९८ ग्रॅम भरेल. पांगाऱ्याचे वजन ३०० च्या आसपास धरले तर तीच मूठ ४५ ग्रॅमची होते. बुचाचे लाकूड २४० च्या जवळपास, म्हणजे ३६ ग्रॅम. बूच ही पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओक वृक्षाची साल. नवव्या वर्षी एकदा ती सोलतात, म्हणून महाग. पांगारा तिच्याहून नऊ ग्रॅमच जड आणि तो बांधावर उगवतो.

या निमित्ताने एक गोष्ट कळली ती येथे नोंदवतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या चिरट्या जोडून गळाच्या उत्तम काठ्या बनवू लागले, तेव्हा सुरुवातीला त्यांचा बांबू कलकत्त्याहून जात असे. तिकडे त्याला ‘कलकत्ता वेत’ म्हणत. हा बहुधा आपला भरीव बांबू, ज्याचे भाल्याचे दांडे होत. पुढे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या बांबूने त्याची जागा घेतली.

जुना खराद आणि नवा

आजोबांचा खराद जमिनीलगत होता. दोन खुंट, त्यांत समोरासमोर दोन लोखंडी टोके आणि मध्ये अडकवलेले लाकूड. लाकडाला दोरीचा वेढा असे. एक जण दोरी आळीपाळीने ओढी आणि आजोबा बसून, पायाच्या बोटांनी हत्याराला आधार देत, कातत. लाकूड एकदा आपल्याकडे फिरे, एकदा उलटे. हत्यार लावायचे ते आपल्याकडे फिरताना, उलटे फिरताना उचलायचे. आजी दोरी ओढायची. अर्धा वेळ हत्यार हवेत आणि तरीही लाटणे आरशासारखे गुळगुळीत निघे.

मामांच्या खरादाला अर्ध्या अश्वशक्तीची मोटर आहे, पट्टा आहे आणि वेग बदलण्यासाठी पायऱ्यांची पुली आहे. लाकूड एकाच दिशेने फिरते. सोय झाली, पण धोकाही वाढला. शर्टाच्या बाह्या, उपरणे, ओढणी, हातमोजे यांपैकी काहीही फिरत्या लाकडाजवळ नको. पांगाऱ्याचा भुसा फार बारीक उडतो, तेव्हा नाकातोंडाला फडके आणि डोळ्याला चष्मा हवा.

प्रत्यक्ष कृती

*लाकूड वाळवणे.* मऊ लाकडाला कीड लवकर लागते, कारण त्यात पिठूळ अंश अधिक असतो. जुने लोक ओंडका काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवीत. त्याने हा अंश बराच धुऊन जातो. मग साल काढून, दोन्ही तोंडांना मेण किंवा शेणमाती फासून सावलीत वाळवावे. तोंडे उघडी ठेवली तर तिथून पाणी भरभर उडते आणि लाकूड तडकते.

*आधी भोक, मग कात.* माझा पहिला नग येथेच गेला. मी आधी छान गोल मूठ कातली आणि मग मधून भोक पाडू लागलो. मऊ लाकडात गिरमिटाचे पाते सरळ जात नाही. जिकडे लाकूड अधिक मऊ तिकडे ते वळते. माझे भोक मुठीच्या कुशीतून बाहेर आले. खरी रीत उलटी आहे. ३५ मिलिमीटरचा चौकोनी तुकडा घ्यावा, दोन्ही तोंडांकडून अर्धे-अर्धे भोक पाडावे, मग ते भोकच दोन टोकांवर धरून त्याच्याभोवती लाकूड कातावे. भोक थोडे वाकडे गेले तरी चालते, कारण बाहेरचा गोल त्याला बेतून येतो.

*लाकूड धरणे.* दुसरा नग फिरेनासा झाला. मोटर फिरत होती, दातेरी टोक फिरत होते, लाकूड मात्र जागच्या जागी. मऊ लाकडात दातांनी आपल्यापुरती वाटी कोरली होती. उपाय असा की, भोकाच्या दोन्ही तोंडांत सागाचे ठोकळे घट्ट बसवावे आणि खरादाची टोके त्या ठोकळ्यांत रुतवावी. काम सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी थांबवून मागचे टोक पुन्हा कसावे.

*धार.* तिसरा आणि चौथा नग माझ्या अडाणीपणाचा नमुना होता. लाकूड मऊ, तेव्हा धार कशाला पाहायची, असे मला वाटले. सकाळी मामांनी बाभळीवर वापरलेली गोल पटाशी मी तशीच उचलली आणि दाबली. मूठ निघाली ती कापूस पिंजल्यासारखी. मामा जवळ आले, पटाशी हातातून घेतली आणि म्हणाले, “लाकूड मऊ हाय म्हणून दाबायलास. ही धार न्हाई, हा हट्ट हाय.”

याचे कारण असे. बाभळीचे तंतू घट्ट आणि जाड भिंतींचे असतात. बोथट हत्यारापुढेही ते वाकत नाहीत, तुटतात. मऊ लाकडाचे तंतू पातळ भिंतींचे आणि मधल्या नळ्या रुंद. बोथट धार आली की ते आधी वाकतात, चेपतात, मग मुळातून उपटले जातात. कठीण लाकूड कारागिराचा आळस पोटात घालते, मऊ लाकूड तो चव्हाट्यावर मांडते. म्हणून एरवी पटाशीला ३० अंशांचा उतार असेल तर मऊ लाकडासाठी तो २५ पर्यंत आणावा आणि दर मुठीला दोन-तीनदा निसण्यावर फिरवावी. कातण्याच्या एका तासातली वीस मिनिटे निसण्यावर गेली तर ती वाया गेली असे समजू नये.

*उतारानेच कापणे.* ही गोष्ट मला तुराट्यांच्या पेंढीवरून समजली. तुराट्यांची घट्ट पेंढी घ्या आणि तिला टोकाशी निमुळती करायची आहे असे समजा. जाड भागाकडून टोकाकडे कापत गेलात तर प्रत्येक तुराटीच्या पोटाखाली तिच्याहून लांब तुराटी आधाराला असते आणि ती स्वच्छ तुटते. उलट, टोकाकडून जाड भागाकडे गेलात तर हत्यार तुराट्यांच्या मोकळ्या तोंडांत घुसते आणि त्यांना उचकटते. लाकूड म्हणजे तंतूंची पेंढीच. म्हणून हत्याराची चाल नेहमी जाडीकडून बारकाईकडे हवी. खळगा कातायचा तर दोन्ही काठांकडून खाली उतरत तळाशी थांबावे. तळ ओलांडून पलीकडे चढू नये. माझ्या पाचव्या मुठीचा कमरेचा खळगा मी एका दमात या काठाकडून त्या काठाकडे नेला आणि चढावर हत्यार अडकून लाकडाचा चपटा कपचा उडाला.

*वेग.* चौकोनी तुकडा गोल होईपर्यंत वेग कमी, मिनिटाला नऊशे-हजार फेरे ठेवावा. गोल झाल्यावर दोन हजारांपर्यंत न्यावा. जाडी कमी असली की त्याच फेऱ्यांत धारेखालून जाणारे लाकूड कमी पडते. २८ मिलिमीटरच्या मुठीला १४४० फेऱ्यांत सेकंदाला जेमतेम दोन मीटर लाकूड मिळते. मऊ लाकडाला यापेक्षा अधिक वेग मानवतो. हत्याराचा उताराचा भाग आधी लाकडावर टेकवावा, मग मूठभर मागे उचलून धार हळूच लावावी. टोकाने शोधत जाऊ नये.

*शेवटचा हात.* एवढे करूनही पांगाऱ्यावर थोडी लव राहते. मामांची युक्ती अशी की, चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ विरघळवून मुठीवर फिरवायची आणि वाळू द्यायची. लाख तंतूंमध्ये जाऊन त्यांना ताठ करते. मग नुकत्याच धार लावलेल्या पटाशीचा अगदी हलका एक हात द्यायचा. लव साफ निघते. पॉलिश पेपर त्यानंतर, तोही जपून. जोर दिला की पेपर मऊ भाग खातो, कठीण भाग ठेवतो आणि मूठ हाताला लाटांसारखी लागते. माझी सहावी मूठ पेपरनेच बिघडली. डोळ्याला गोल दिसत होती, डोळे मिटून बोट फिरवले की चुकलेली कळत होती.

तेल आणि चिंधी

मूठ ओल्या हातात राहायची, म्हणून तिला जवसाचे तेल पाजतात. हे तेल नुसते वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि लाकडात पातळ कवच धरते. कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस लागतात, पातळ हात देऊन धीर धरावा.

येथे एक सावधगिरी अवश्य सांगतो, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. प्राणवायू घेताना हे तेल तापते. मुठीवर ती ऊब उडून जाते, परंतु चुरगाळून ठेवलेल्या चिंधीत ती कोंडते. मी तेलाच्या चिंध्या डब्यात कोंबून ठेवल्या आणि जेवायला गेलो. परत आलो तो डब्यातून धूर येत होता आणि शेजारी भुशाचे पोते. मामांनी डबा बाहेर रस्त्यावर फेकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दहा बाय बारामध्ये आजोबांची हत्यारे आहेत. तेव्हापासून चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवतो, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवतो.

समारोप

सातवी मूठ साधली. ती घेऊन मी नांदेडला आलो आणि त्या गृहस्थांच्या घरी दोघांनी मिळून बसवली. काठीचा दांडा निमुळता आणि मुठीचे भोक सरळ, म्हणून मध्ये फट राहते. ती भरायला दांड्यावर सुताचे वेढे द्यावे लागतात, जिथे फट जास्त तिथे जास्त वेढे, आणि वर पाण्याला दाद न देणारा डिंक. वेढे घालता घालता मला ते दोन धातू आठवले. लाकडावर छेदनाचे काम झाले होते, आता वेष्टनाचे चालू होते. एका मुठीत दोन्ही ‘कृत्’ जमले होते.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर विष्णुपुरीला गेलो. दुपारपर्यंत काही लागले नाही. ऊन कलल्यावर एक बोटभर हिसका आला आणि त्यांनी काठी न बोलता माझ्या हातात दिली. दुसरा हिसका मला पांगाऱ्यातून तळहातावर कळला. मासा सुटून गेला. मरळ असावी असे ते म्हणाले. आणखी चार मुठी हव्यात, असेही म्हणाले.

हे मी मामांना फोनवर सांगितले. पाच मुठींवर घर चालत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. खराद विकायचा की ठेवायचा हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “पटाशीला धार लावून ठेवलीस का?”

ठेवली नव्हती. दिवाळीच्या सुटीत गेलो की ते काम आधी.